सुट्टी कधी लागणार, मॅडम?

आमच्या शाळेच्या ऑफिसात हरवलेल्या वस्तूंचा एक निळा क्रेट आहे. एप्रिलमध्ये तो रिकामा असतो. दिवाळी येईपर्यंत त्यात पाण्याच्या बाटल्या, एकेकटे मोजे, कुणाचा तरी चष्मा आणि एकदा तर चक्क दातांची तार, असं काय काय जमतं! न्यायला कुणी येत नाही आणि मला टाकवत नाही. किस्स्यांचंही माझं तसंच झालंय.

मी वर्षा, मूळची ठाण्याची. यूएईतल्या अल ऐन शहरात, एका इंडियन शाळेच्या फ्रंट ऑफिसात अकरा वर्षं बसतेय. टेबलावरच्या पाटीवर 'अ‍ॅडमिन असिस्टंट' लिहिलंय, पण पालकांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर 'सुट्टीवाली मॅडम' म्हणून सेव्ह आहे. हे मला एका पालकाला मी फोन लावला आणि तो माझ्यासमोरच वाजला तेव्हा कळलं.

कारण वर्षाचं कॅलेंडर माझ्या हातून बाहेर पडतं. सुट्ट्यांच्या मोठ्या तारखा वरून येतात. त्यात आम्ही आमच्या परीक्षा, स्पोर्ट्स डे, अ‍ॅन्युअल डे बसवतो. प्रिन्सिपल सही करतात, मी सर्क्युलर पाठवते आणि त्यानंतर फोन उचलते. वर्षभर. प्रश्न एकच असतो.

* * *

जानेवारीतली सकाळ. फोन वाजला.

"मॅडम, सावंत बोलतोय. फोर्थ बी, ईशानचे पप्पा. उन्हाळ्याची सुट्टी कधी लागणार?"

"सर, नव्या वर्षाचं कॅलेंडर अजून अप्रूव्ह व्हायचंय."

"अप्रॉक्स सांगा."

"अप्रॉक्सपण नाही सांगू शकत. परमिशन नाही."

"मॅडम, आज तिकीट बाराशे दिरहॅम दाखवतंय. म्हणजे अठ्ठावीस हजार! मार्चमध्ये हेच डबल होणार. आम्ही चौघं आहोत, वर सासूबाई!"

सावंत विचारात पडले. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "बरं, तुम्ही काही सांगूच नका. फक्त खोका! जूनमध्ये असेल तर खोकू नका. जुलैमध्ये असेल तर जितकी तारीख तितक्या वेळा खोका."

"अहो सर, काहीतरीच काय..." एवढंच मी म्हणाले. आठवडाभर ऑफिसच्या एसीने माझा घसा धरलेला होता. त्याला नेमका तोच मुहूर्त सापडला. मी खोकले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खोकल्यावर पाण्याचा घोट घेतला तेव्हा थांबलं.

पलीकडून लगेच, "शुक्रान मॅडम! खलास!" म्हणजे, थँक्यू, काम झालं. आणि फोन कट.

मी घाबरून उलट फोन लावला, तर एंगेज. माणूस तिकिटं काढत होता!

मार्चमध्ये कॅलेंडर आलं. उन्हाळी सुट्टी तीन जुलैपासून.

दुसऱ्या दिवशी सावंत मालवणी खाज्याचा पुडा घेऊन हजर. मी शपथेवर सांगितलं, सर, मला खरंच सर्दी होती, मला स्वतःलाच तारीख माहीत नव्हती. त्यांनी डोळा मिचकावला. "हो हो मॅडम. सर्दीच."

पुढच्या जानेवारीत फोनची लाइन लागली. सुट्टीबद्दल एकानेही विचारलं नाही. प्रत्येक जण एकच विचारत होता,

"वर्षा मॅम, तब्येत कशी आहे?"

* * *

ईदची सुट्टी इथे चंद्रावर ठरते. एक दिवस इकडे किंवा तिकडे. त्यामुळे प्रत्येक सर्क्युलरच्या खाली आम्ही एक ओळ टाकतो, 'सब्जेक्ट टू मून साइटिंग'. म्हणजे, चंद्र दिसला तर.

तिसरीतला एक मुलगा सायन्सचं प्रोजेक्ट आठवडाभर आणत नव्हता. टीचरने त्याला माझ्यासमोर उभं करून विचारलं, "व्हेन विल यू ब्रिंग इट?"

मुलगा शांतपणे म्हणाला, "थर्सडे, मॅम. सब्जेक्ट टू मून साइटिंग."

टीचरला हसू आवरेना. मग ही साथ स्टाफरूममध्ये पसरली. पेपर कधी तपासून होणार? गुरुवारी, चंद्र दिसला तर. झेरॉक्स मशीन दुरुस्त करणारा कधी येणार? चंद्र दिसला तर!

प्रिन्सिपल मॅडमना हा पोरकटपणा अजिबात खपला नाही. त्या केरळातल्या कोट्टायमच्या, पाच फूट उंचीच्या, नाव सूसन. शाळेतली पंधराशे मुलं आणि ऐंशी टीचर्स त्यांच्या सँडलचा आवाज ओळखतात. त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये कडक आवाजात बजावलं, "हे वाक्य फक्त ईदच्या सर्क्युलरमध्ये वापरायचं. दुसरीकडे कुठेही नाही."

मीटिंग संपता संपता कुणीतरी मागून विचारलं, "मॅडम, इन्क्रिमेंटचं लेटर कधी मिळेल?"

मॅडमनी फाइल बंद केली, वर छताकडे पाहिलं आणि निघून गेल्या.

* * *

वरच्या सगळ्या तारखा बसवून झाल्या की शाळेच्या हातात जेमतेम एक दिवस उरतो. हवा तेव्हा सुट्टी द्यायला. या एका दिवसासाठी आमच्याकडे जे राजकारण चालतं ते बघून इलेक्शनवाले लाजतील!

केरळच्या पालकांना तो ओणमला हवा असतो. उत्तरेकडच्यांना होळीला. आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाला अर्थातच गणेश चतुर्थीला. एका वर्षी मंडळाचे अध्यक्ष, साठे, शिष्टमंडळ घेऊन मॅडमना भेटले. सोबत उकडीच्या मोदकांचा डबा, एकवीस मोदक. "मॅडम, जस्ट टेस्ट!"

मॅडमनी दोन मोदक खाल्ले, तूप मागितलं. साठे बाहेर येऊन मला म्हणाले, "वर्षाताई, काम झालं. त्यांनी तूप मागितलं!"

दुपारी केरळवाले आले. पायसमचं, म्हणजे त्यांच्या खिरीचं, पातेलंच घेऊन. मॅडमनी वाटीभर घेतलं आणि डोळे मिटले. ते बाहेर येऊन म्हणाले, काम झालं, त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या बायका गुजिया, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, घेऊन आल्या. मॅडमनी चार गुजिया पर्समध्ये टाकल्या. त्यांचंही काम झालं.

आठवडाभर आम्ही स्टाफवाले कॅलेंडरची वाट बघत बसलो होतो. शेवटी मॅडमनी सही केलेला कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. पुन्हा वाचला.

तो दिवस पेस्ट कंट्रोलला दिला होता!

"मॅडम, हे सगळे नाराज होतील," मी म्हटलं.

"हो, पण सगळे सारखे होतील," मॅडम म्हणाल्या. "आणि वर्षा, ते एकवीस मोदक, ते पातेलं... किचनमध्ये आता किती झुरळं झालीत तुला माहीत आहे?"

* * *

पूर्वी इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. मग सगळ्या देशानेच बदल केला आणि शनिवार-रविवार सुट्टी सुरू झाली. शुक्रवारी अर्धा दिवस शाळा. आम्ही तीन सर्क्युलर्स पाठवली, मेसेज केले, गेटवर बोर्ड लावला.

पहिला नवा रविवार. मी घरी पोहे खात होते. परकारभाईंचा फोन.

परकारभाई म्हणजे आमचे ट्रान्सपोर्ट इन-चार्ज. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावातले. शाळेच्या बावीस बस त्यांच्या शिट्टीवर चालतात. ड्रायव्हर्सशी हिंदीत बोलतात, देवाशी अरबीत आणि माझ्याशी गावच्या बोलीत. मला नावाने कधीच हाक मारत नाहीत, 'बाय' म्हणतात.

"बाय, गुलखान बस घेऊन आलाय."

गुलखान आमचा जुना पठाण ड्रायव्हर. वीस वर्षांची सवय, रविवार म्हणजे पहिला दिवस. पहाटे उठला, बस काढली आणि निघाला.

"मग त्याला परत पाठवा ना, परकारभाई."

"त्याला पाठवीन. पन बसमदी एक पोर हाय!"

सेकंड सीतली मृण्मयी. युनिफॉर्म, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. ती वॉचमनच्या खुर्चीत बसून त्याच्याबरोबर खजूर खात होती. बाकीच्या स्टॉपवर कुणीच नव्हतं, तरी गुलखानला शंका आली नाही. त्याला वाटलं, आज सगळी मुलं आजारी आहेत.

मी मृण्मयीच्या आईला फोन लावला. "अहो, आज रविवार! सर्क्युलर मिळालं नाही का?"

"मिळालं की. तिन्ही मिळाली," ती म्हणाली. "मलाही वाटलं, आज सुट्टी आहे. पण खाली बस येऊन हॉर्न द्यायला लागली. मॅडम, तुमचं सर्क्युलर गेल्या वर्षात चारदा बदललं. बस एकदाही चुकली नाही. मी बसवर विश्वास ठेवला!"

मी परकारभाईंना सांगून मृण्मयीला त्याच बसने घरी पाठवलं.

सोमवारी मृण्मयी माझ्या टेबलापाशी आली. टाचा उंचावून म्हणाली, "मॅम, आय केम ऑन संडे. सो विच डे इज माय हॉलिडे?"

* * *

हिवाळ्यात अल ऐनला सकाळी दाट धुकं पडतं. बस उशिरा सोडायच्या की वेळेवर, हे प्रिन्सिपल मॅडमना साडेपाचला ठरवून मेसेज पाठवावा लागतो. त्यांची एक पद्धत होती. बाल्कनीतून जबल हफीतचा डोंगर दिसला की शाळा वेळेवर. पण शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये काय परिस्थिती आहे, हे डोंगराला काय माहीत?

म्हणून एका सकाळी त्यांनी परकारभाईंना फोन केला. स्पीकरवर, मीही लाइनवर.

"परकार, फॉग कितना है?"

"बहुत है, मॅडम."

"मतलब कितना? क्या क्या दिखता है?"

"अपना हाथ दिखता है."

"और बस दिखती है?"

परकारभाई म्हणाले, "दिखती नहीं, मॅडम. लेकिन मैं उसमें बैठा हूँ, तो होगी."

* * *

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात इथल्या शाळांमध्ये एक विचित्र साथ येते. मुलांना काही होत नाही. भारतातल्या आज्या आजारी पडतात! सगळ्या एकाच आठवड्यात, आणि तेही तिकीट स्वस्त असतं त्याच दिवशी.

अशा वेळी मी घरी फोन करून खात्री करायची, असा मॅडमचा हुकूम आहे. सिक्स्थ एमधल्या एका मुलाचा अर्ज आला. 'आजी साताऱ्यात सिरियस आहे, ताबडतोब निघावं लागत आहे.' अर्जावरच्या नंबरला मी फोन लावला. एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. मागे कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

"हॅलो, मी शाळेतून बोलतेय. आपण कोण?"

"मी आजी. मुलगा-सून बाहेर गेलीत."

"म्हणजे... साताऱ्याची आजी?"

"हो. गेल्या महिन्यापासून इथेच आहे. काय काम होतं?"

आता आली का पंचाईत! मी सावकाश विचारलं, "आजी, तुमची तब्येत कशी आहे?"

"उत्तम! चकल्या करतेय. आता परवा सगळेच निघालोय ना आम्ही, तर वाटेत पोरांना..."

आणि आजी थबकल्या. बाई हुशार होत्या. शाळा, फोन, तब्येत, परवाचं निघणं, सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात लागला असणार. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला, पण तो नीट बसला नाही. मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"ए ओंकार, इकडे ये रे. शाळेचा फोन आहे. मी आजारी आहे का रे?"

मग नातवाची कुजबुज. मग आजी परत लाइनवर, आवाज एकदम बारीक झालेला.

"हॅलो... कोण ते... मला जरा धाप लागतेय हो."

मी अर्ज मंजूर केला. एवढ्या वयात एवढी मेहनत घेणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? सुट्टीनंतर ओंकारने मला डबाभर चकल्या आणून दिल्या. चिठ्ठी होती, 'आता बरी आहे. आजी.'

* * *

पाऊस हा आमच्याकडे वर्षातून दोन-चारदा येतो, त्यामुळे तो आला की सगळी मुलं खिडकीला चिकटतात आणि सगळे पालक फोनला. एका संध्याकाळी ढग दाटून आले आणि पालकांच्या ग्रुपवर आमच्या लेटरहेडवर सर्क्युलर फिरायला लागलं. 'उद्या मुसळधार पावसाच्या शक्यतेमुळे शाळा बंद.' खाली मॅडमची सही!

मी हादरले. मी तर काहीच पाठवलं नव्हतं. मॅडमना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "वर्षा, धिस इज नॉट अवर्स. देअर इज नो मिस्टेक इन इट!"

मला लागलं जरा. पण खरं होतं. त्या सर्क्युलरचं इंग्रजी सुंदर होतं. त्यात एक सेमीकोलन होता आणि तो योग्य जागी होता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. अर्धी भरली म्हणा. मॅडमनी इंग्लिशच्या टीचरला बोलावून कागद दाखवला. टीचरने चष्मा लावला, सेमीकोलनवर बोट ठेवलं आणि अभिमानाने म्हणाली, "तन्वी. इलेव्हन्थ ए. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही."

तन्वी आली. गोरीमोरी झालेली, सस्पेंड होणार म्हणून रडवेली. मॅडमनी तिला दहा मिनिटं उभं केलं. मग शिक्षा सुनावली. वर्ष संपेपर्यंत रोज रिसेसमध्ये ऑफिसात यायचं आणि वर्षा मॅमचं प्रत्येक सर्क्युलर तपासायचं.

तन्वीने तपासलेलं पहिलं सर्क्युलर मी पाठवलं. पेरेंट-टीचर मीटिंगचं, साधंच. अर्ध्या तासात तीस फोन!

"मॅडम, हे खरं आहे ना? का पुन्हा कुणी पोराने बनवलंय?"

"खरं आहे हो. असं का वाटलं तुम्हाला?"

"यात एकपण चूक नाही!"

मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तन्वीने सगळं करेक्ट केलं की नंतर तू एक चूक परत घाल."

* * *

आता मात्र जी चूक सांगते, ती माझी. खरीखुरी.

ऑगस्टच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा दुसऱ्या टर्मचं कॅलेंडर पाठवायचं होतं. माझ्याकडे दोन फाइल्स होत्या, एक ड्राफ्ट आणि एक फायनल. मी ड्राफ्ट पाठवला. फरक एवढाच, की हिवाळी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात दहावी-बारावीच्या रिव्हिजन क्लासेसची ओळ ड्राफ्टमध्ये नव्हती. संध्याकाळी लक्षात आलं. लगेच दुरुस्त करून दुसरं पाठवलं. कुणी काही बोललं नाही. मी सुटले, असं मला वाटलं.

नोव्हेंबरमध्ये परकारभाईंनी टेबलावर एक हिरवी-सोनेरी पत्रिका ठेवली. त्यांच्या धाकट्या मुलीचा, रुबीनाचा निकाह. गावाला. मी आनंदाने उघडली आणि तारखेवर अडकले. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख. त्या आठवड्यात दहावी-बारावीच्या नऊ बस चालणार होत्या.

"परकारभाई, ही तारीख..."

"तुमचा पयला कागद आला ना, बाय, तवाच गावाला फोन केला. जावई जहाजावर हाय. त्येची सुट्टी तेवडीच. संध्याकाली दुसरा कागद आला, पन तवर जबान दिलेली."

"मग मला सांगायचं नाही का? रजा घ्या! मी आत्ता मॅडमना सांगते."

"रजा नको." ते पहिल्यांदाच माझ्याशी जरा कडक बोलले. "गेल्या सालाला गुलखानच्या भावाची शादी व्हती. मी त्याला नाय बोललो. बस चालू असताना रजा नाय. ह्यो कायदा माजाच. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ? तिची आई हाय, मामू हाय. लगीन व्हईल."

असं म्हणून ते हसले. आणि ते हसू बघून मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ड्राफ्टची चूकसुद्धा. मॅडमनी फक्त पत्रिका ठेवून घेतली.

महिनाभर काहीच घडलं नाही. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी परकारभाईंना केबिनमध्ये बोलावलं. मला म्हणाल्या, तूही थांब.

"परकार, एक ड्यूटी है."

"जी, मॅडम."

"एक नया रूट सर्व्हे करना है." त्यांनी रूट सर्व्हेचा छापील फॉर्म पुढे केला. नवा स्टॉप सुरू करायचा तर इन-चार्जने आधी स्वतः त्या रस्त्याने जाऊन हा फॉर्म भरायचा असतो. "कल निकलना है."

परकारभाईंनी फॉर्म वाचला. रूट कुठून, अल ऐन. कुठपर्यंत, त्या जागी मॅडमनी पत्रिकेत बघून गावाचं नाव लिहिलं होतं. स्पेलिंग चुकलेलं.

"मॅडम, ये तो..."

"रजा नहीं है. ड्यूटी है. दस दिन का. पूरा फॉर्म भर के लाना, नहीं तो मैं साइन नहीं करूँगी."

परकारभाई फॉर्मची घडी घालत म्हणाले, "और बस?"

दाराबाहेर गुलखान उभा होता. त्याला मॅडमनीच बोलावलं असणार. तो आत डोकावून म्हणाला, "परकार साब, यल्ला! तुम जाओ. बस हम देखेगा."

त्या आठवड्यात पहाटे साडेपाचला गेटवर पिवळं जॅकेट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून प्रिन्सिपल मॅडम स्वतः उभ्या असायच्या. जॅकेट परकारभाईंचं, त्यामुळे गुडघ्यापर्यंत आलेलं! पहिल्या दिवशी त्यांनी अशी काही शिट्टी वाजवली की नऊच्या नऊ बस जागच्या जागी थांबल्या. गुलखान खाली उतरून अदबीने म्हणाला, "मॅडम, ये रुकने का है. जाने का दो बार बजता है." रोज एक ना एक बस चुकीच्या रस्त्याला जायची. मॅडम घामाघूम होऊन ऑफिसात यायच्या आणि मला विचारायच्या, "हा माणूस रोज बावीस कशा काय सोडतो?"

दहा दिवसांनी परकारभाई आले. नारळाच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवला. खिशातून फॉर्म काढला. चार घड्या घातलेला, कोराच.

"बाय, माजा इंग्रजी तुमाला ठाव हाय. तुमी लिवा, मी सांगतो. मॅडमनी पुरा भरून मागलाय."

मी पेन घेतलं. निघण्याची वेळ त्यांनी सांगितली. पोचण्याची सांगितली. रस्ता कसा आहे? घाटात काम चालू हाय, बाकी बरा. पार्किंगला जागा? हाय, मशिदीच्या बाजूला.

शेवटचा रकाना उरला. लहान मुलाला घरचं माणूस घ्यायला आल्याशिवाय स्टॉपवर सोडायचं नाही आणि घेणाऱ्याची सही घ्यायची, असा आमच्या शाळेचा नियम आहे. त्यासाठीचा तो रकाना. किती मुलं सोडली, घ्यायला कोण आलं, सही घेतली का.

"हा राहू दे, परकारभाई," मी म्हटलं. "हा इथे लागू नाही."

परकारभाई खिडकीतून बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बसकडे बघत होते.

"नाय, बाय. लिवा," ते म्हणाले. "एक पोरगी. घ्यायला घरची मानसा आली व्हती. सही घेतली."